वेगाला कडेला उभं करू नका

आयर्लंडमध्ये "हाउ आर यू?" या प्रश्नाला खरं उत्तर देणारं माणूस मी एकच पाहिलं. तिथली रीत अशी की कुणी असं विचारलं तर "ग्रँड" म्हणायचं आणि पुढे चालू लागायचं. घराला आग लागलेली असली तरी ग्रँड. आमच्या डॉक्टर मात्र थांबायच्या. आमच्या स्वोर्ड्स गावच्या सुपरमार्केटात गल्ल्यावरच्या मुलीने सवयीने विचारलं की त्या हातातली पिशवी खाली ठेवायच्या आणि सांगायच्या, "डावा गुडघा दुखतोय. काल आमच्या हॉस्पिटलात एक माणूस गेला, त्याचं वाईट वाटतंय. बाकी ठीक. तुझं काय?" मागच्या रांगेतली माणसं चुळबुळ करायची. मुलगी आधी गांगरली. पण महिनाभराने मी त्यांच्यासोबत गेलो, तर ती मुलगीच त्यांना आपल्या आईच्या दम्याबद्दल सांगत होती आणि रांग मुकाट उभी होती.

मी त्यांच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. त्या मूळच्या सांगलीच्या, शिक्षण मिरजेला, आणि डब्लिनच्या एका सरकारी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. साठीला टेकलेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि माझ्यापेक्षा उंच. मी पहिल्या दिवशी "काकू" म्हणालो तर म्हणाल्या, "तुझ्या कुठल्या काकाशी माझं लग्न झालंय?" "मॅडम" म्हणालो तर म्हणाल्या, "मी शाळा चालवत नाही." म्हणून डॉक्टर. त्यांनी माझं नाव कधी घेतलंच नाही. मी नागपूरचा, एवढंच लक्षात ठेवलं आणि सरळ "ए नागपूर" म्हणून हाक मारायला लागल्या.

घराच्या खिडक्या बारा महिने उघड्या. स्वयंपाकघरातल्या कपाटाला तिथे सगळे 'प्रेस' म्हणतात. यांच्या प्रेसमध्ये डाळींच्या डब्यांशेजारी गमबूट असायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "बाहेर जायच्या आधी शेवटचा चहा मी इथे पिते. मग बूट इथेच पाहिजेत. दाराशी ठेवायचे असं कुणी ठरवलं?" हे "कुणी ठरवलं" त्यांच्या तोंडात सतत असे.

महामारी आली तेव्हा हॉस्पिटलने त्यांना अगदी सभ्य भाषेत सुचवलं होतं की वय बघता, दमा बघता, तुम्ही अतिदक्षता विभागात नका येऊ, घरून फोनवर रुग्णांची पूर्वतपासणी करा. काळजीनेच सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे मी घरी बसून फोनवर भूल देऊ?" आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर हजर. घशात नळी घालणारे हात तेव्हा हवेच होते, त्यामुळे त्यांना कुणी परत पाठवलं नाही. घरी यायच्या तेव्हा नाकाच्या हाडावर मास्कचा लाल वळ असायचा. त्यावर खोबरेल चोपडायच्या आणि टीव्ही लावायच्या.

टीव्हीवर काय? अमेरिकन फुटबॉल. रविवारी संध्याकाळी आयर्लंडमध्ये तो थेट दिसतो. डॉक्टरांना तो खेळ कुणीच शिकवला नव्हता. त्या टेबलाच्या एका टोकाला मास्क लावून, मी दुसऱ्या टोकाला रग पांघरून, मध्ये उघडी खिडकी. बघता बघता त्यांनी नियम स्वतःच लावले, आणि ज्याला जे नाव सुचलं ते दिलं. चेंडू फेकणारा तो 'मुकादम'. पळत जाऊन चेंडू झेलणारे ते 'पळे'. मैदानाच्या मध्यावर दबा धरून बसलेले दांडगे लाइनबॅकर ते 'दारवान'. तासाभरात त्या पडद्यावरच्या मुकादमाला सल्ले द्यायला लागल्या. "अरे, त्या उजवीकडच्याला कशाला बघतोस! मधला मोकळा आहे, मधला!"

मी म्हणालो, "त्याला स्लॉट म्हणतात. कडेचा पळ्या आणि मुकादमापुढची दांडग्यांची भिंत यांच्या फटीत जो उभा राहतो तो."

"तुला काय माहीत?"

मग मला सांगावं लागलं की मी हा खेळ खेळतो. स्वोर्ड्सजवळच्या एका हौशी क्लबात मागच्या उन्हाळ्यात नाव घातलं होतं. कॉलेजात मी शंभर मीटर धावायचो. क्लबात पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना मागे टाकलं, आणि प्रशिक्षक डेक्लनने मला कडेला, मैदानाच्या रेघेजवळ उभं केलं. हा डेक्लन विमानतळावरच्या अग्निशमन दलात होता. त्याचं साधं गणित होतं: जो वेगवान तो बाहेर.

"मग किती चेंडू आले तुझ्याकडे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी पडद्याकडे बघायला लागलो.

"एक तरी?"

"आमचा मुकादम कोनर चांगला फेकतो," मी म्हणालो. "पण वारा असतो ना. तिथपर्यंत पोचत नाही."

डॉक्टरांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "म्हणजे तू दर वेळी जीव खाऊन पळतोस, आणि चेंडू दुसरीकडेच जातो. ह्याला खेळणं म्हणत नाहीत, नागपूर. ह्याला मिरवणुकीतला घोडा म्हणतात."

जानेवारीत पुन्हा सगळं बंद झालं. क्लब बंद, ऑफिस घरात, पाच किलोमीटरच्या बाहेर जायला मनाई. एका शनिवारी दुपारी डॉक्टरांनी आमच्या बोळातले कचऱ्याचे चाकांचे डबे रस्त्याच्या मधोमध एका ओळीत मांडले. आमचे तीन कमी पडले म्हणून शेजारच्या ब्रीडाबाईंच्या दारावर थाप मारून त्यांचेही आणले. ब्रीडाबाई सत्तरीच्या, निवृत्त टपाल कर्मचारी. त्या फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या आणि विचारलं, "काय चाललंय हे?"

"खो-खो," डॉक्टर म्हणाल्या.

आणि गुडघा दुखत असूनही त्या स्वतः डब्यांच्या मधून धावल्या. सरळ नाही. एका फटीतून आत, खांदा डावीकडे, पाय उजवीकडे, पुढच्या फटीतून बाहेर. इतकी उंच बाई, पण वळताना अर्धी व्हायची. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

"ह्याला हूल म्हणतात," त्या धापा टाकत म्हणाल्या. "शरीराने एक सांगायचं आणि करायचं दुसरं. कडेला उभा राहिलास की तुझ्या एका अंगाला रेघ. ती रेघ म्हणजे दुसऱ्या संघाचाच माणूस, फुकटात राबणारा. मध्ये उभा राहिलास की दोन्ही बाजू तुझ्या. मग समोरच्याला ठरवावं लागतं, आणि तो ठरवेपर्यंत तू गेलेला असतोस. पळ आता."

मी पळालो आणि तपकिरी डब्याला धडकलो. ब्रीडाबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर दर शनिवारी त्या स्वतःच आपले डबे बाहेर काढून ठेवायच्या, आणि एकदा त्यांनी समोरच्या घराला दटावलं होतं की गाडी हलव, सरावाची वेळ झाली.

एका रविवारी मी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही कुठे खेळलात एवढं?"

"शाळेत. आमचे सर म्हणायचे, ही उंच आहे, हिला खांबाजवळ बसवा, सूर मारायला बरी. पाठलाग माझ्याकडे. पळायच्या तुकडीत मला कायम शेवटी टाकायचे. शेवटच्या तुकडीची पाळी कधी यायचीच नाही. उंच पोरगी वाकत नाही, म्हणे."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"रोज बोलायचे. म्हणून शेवटी संघातूनच काढलं."

"आणि म्हणून तुम्हाला वाटतं की मी स्लॉटला—"

"त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "पाणी दे."

एप्रिलमध्ये नागपुरात माझ्या वडिलांना ताप आला. बेड कुठेच मिळेना. भावाने कुठून तरी ऑक्सिजनचं यंत्र पैदा केलं आणि बाबांना घरीच ठेवलं. विमानाने जाण्याचा विचारही करता येत नव्हता. मी लॅपटॉपसमोर व्हिडिओ कॉल लावून नुसता बाबांच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा बघत होतो. डॉक्टर कामावरून आल्या, माझ्या दारात थांबल्या, आणि नाकावरचा वळ तसाच घेऊन माझ्या स्क्रीनपुढे येऊन बसल्या.

"अहो, ऐका. मी डॉक्टर बोलतेय. पालथे व्हा."

बाबा उताणे पडून छताकडे बघत होते. "डॉक्टर बाई, पोटावर मले नाही जमत हो. जीव घाबरते."

"उताणं झोपूनही घाबरतोयच ना? मग पालथे होऊन घाबरा."

"आता जे व्हायचं ते होऊ द्या, बाप्पा."

डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. सांगलीची बोली त्यांच्या तोंडात फक्त संतापाने यायची. "तसलं बोलायचं न्हाई! व्हायचं ते होऊ द्या म्हणणारी मान्सं मी रोज बगते. तुमी त्यातलं न्हाई. उशी छातीखाली घ्या. घ्या म्हन्ते!"

बाबांनी आयुष्यात आईचंही इतक्या मुकाट्याने ऐकलं नव्हतं. भावाने उशी सरकवली. ते पालथे झाले. आकडा हळूहळू चढला. पुढचे कितीतरी दिवस डॉक्टर कामावरून आल्या की आधी नागपूरला फोन लावायच्या, आणि बाबा कुरकुरत कूस बदलायचे. बाबांना बेड मिळाला की मगच बरं वाटेल असं मी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "बेड मिळेल तेव्हा मिळेल. तोवर शरण जायचं असं कुणी ठरवलं?" बेड मिळाला, पण तोवर बाबांना त्याची गरज उरली नव्हती. बरे झाल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "ती बाई तुले पण असंच रागावते का रे?"

उन्हाळ्यात क्लबचा सराव सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात डॉक्टर मैदानावर आल्या. पायात गमबूट, अंगात हॉस्पिटलचं फ्लीस. सरळ डेक्लनपुढे जाऊन उभ्या राहिल्या. बोलणं इंग्रजीत झालं, पण मला ते आठवतं मराठीतच.

"ह्याला आत घ्या," त्या म्हणाल्या. "स्लॉटला."

डेक्लन भला माणूस. हसून म्हणाला, "डॉक्टर, वेगवान गडी बाहेर. त्याच्या भीतीने समोरचे दोघं कडेला ओढले जातात. मध्ये दगड लागतो दगड. मध्ये मार बसतो, मोठ्यांना अडवावं लागतं. हा तर काडीपैलवान."

"तुमचा कोनर किती लांब फेकतो?"

"वारा नसला तर पुष्कळ."

"वारा नसलेला दिवस दाखवा मला."

मागे उभ्या असलेल्या कोनरने मान खाली घातली. डेक्लनचं हसू जरा कमी झालं. "मान राखून सांगतो, डॉक्टर, हा तुमचा खेळ नाही."

"चेंडू पोचत नाही हे कळायला खेळ माझा असावा लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची भीती तेव्हाच चालेल, जेव्हा चेंडू तिथे खरंच जाईल. समोरच्यांना दोन डावांत कळतं की तो येत नाही. मग ते ह्याला सोडून देतात. आणि हा एकटाच पळत राहतो."

मी मध्ये पडलो. "डॉक्टर, राहू द्या. मला बाहेर बरं वाटतं."

त्या माझ्याकडे वळल्या. सराव संपेपर्यंत रेघेपाशी थांबल्या. गाडीत बसल्यावर, किल्ली न फिरवता, समोर बघत म्हणाल्या, "बाहेर बरं वाटतं, कारण बाहेर कुणी अंगाला हात लावत नाही. खरं ना?"

मी "हो" म्हणालो. त्या बाईपुढे खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मध्ये उभं राहायची मला भीती वाटायची. ते दारवान डोळ्यांत डोळे घालून बघायचे. चेंडू वरून येत असतो, नजर चेंडूवर ठेवायची असते, आणि तुम्हाला ठाऊक असतं की फासळ्यांकडे काहीतरी धावून येतंय.

"भीती वाटायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "मला प्रत्येक नळी घालताना वाटते. पण आपली भीती डेक्लनच्या गणितामागे लपवायची नाही. तो चुकीच्या कारणाने तुला बाहेर ठेवतोय आणि तू चुकीच्या कारणाने राहतोयस. दोघांचं छान जमलंय."

सप्टेंबरात डंडॉककडच्या एका क्लबाशी मैत्रीचा सामना ठरला. गाव उत्तर आयर्लंडच्या सीमेजवळ, मैदान उघडं, आणि समुद्राकडून वारा असा की कोपऱ्यातले झेंडे फाटायला आलेले. डॉक्टर ब्रीडाबाईंना गाडीत घालून घेऊन आल्या होत्या. पूर्वार्धभर मी कडेला पळत होतो. कोनरने दोनदा माझ्याकडे फेकलं. दोन्ही वेळा वाऱ्याने चेंडू मधेच खाली बसवला. तिसऱ्यांदा माझ्यासमोरचा गडी माझ्याबरोबर पळालासुद्धा नाही. जागेवर उभा राहून नाक पुसत होता. तो अपमान मला अजून आठवतो.

उत्तरार्धात आमचा स्लॉटचा गडी, एक आडदांड सुतार, घोटा मुरगळून पडला. मैदानावर डॉक्टर एकच. त्या गमबुटांनिशी धावत गेल्या, घोटा चाचपला, "मोडलेला नाही," म्हणाल्या, आणि पट्टी गुंडाळता गुंडाळता मान वर करून डेक्लनकडे पाहिलं.

"काही म्हणू नका," डेक्लन म्हणाला.

"मी काहीच म्हटलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुमचा स्लॉट माझ्या मांडीवर झोपलाय."

डेक्लनने वाऱ्याकडे पाहिलं, झेंड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे बोट करून आत जायची खूण केली.

पहिला चेंडू छातीवर आला आणि त्याच क्षणी दारवानही आला. मी उताणा पडलो, चेंडू भलतीकडे. डोळ्यांपुढे काजवे चमकले. रेघेपलीकडून आवाज आला, मराठीत, आख्ख्या लाउथ जिल्ह्याला ऐकू जाईल असा. "झालं! लागलं ना? आता माहीत झालं किती लागतं ते! ऊठ!"

गंमत अशी की ते खरं होतं. मी वर्षभर ज्याला भीत होतो ते होऊन गेलं होतं, आणि मी अजून श्वास घेत होतो. मला एकदम राग आला. दारवानाचा नाही; नाक पुसणाऱ्या त्या माणसाचा, डेक्लनच्या गणिताचा, माझा स्वतःचा. पुढच्या डावाला मी पुन्हा फटीत उभा राहिलो. खांदा डावीकडे टाकला. दारवान डावीकडे झुकला. मी उजवीकडून आत शिरलो आणि वळलो, तर चेंडू समोर होता, जवळून फेकलेला, वाऱ्याला मधे यायला जागाच न ठेवता. झेलला. पुढे मोकळं मैदान होतं. मग मी तेवढं एकच केलं जे मला लहानपणापासून येतं.

आम्ही सामना हरलोच. पण त्या दुपारी चेंडू माझ्याकडे येत राहिला. काही झेलले, काही सांडले, आणि आणखी दोन वेळा असा आपटलो की नंतर आठवडाभर हसताना बरगडी धरावी लागली.

सामना संपल्यावर गाडीतळावर फ्लास्कमधला चहा चालला होता. डेक्लन कप घेऊन डॉक्टरांकडे आला. मोठ्या मनाचा माणूस, सगळ्यांदेखत म्हणाला, "फेअर प्ले, डॉक्टर, मानलं तुम्हाला. तुमचं बरोबर होतं. हा स्लॉटचाच गडी. यापुढे कायम आत."

मला वाटलं, डॉक्टर आता खूश होतील. त्यांनी कप बॉनेटवर आपटला.

"कायम? कायम कुणी ठरवलं?"

डेक्लन गोंधळला. "अहो, तुम्हीच तर..."

"मी म्हटलं ह्याला आत घ्या. आत पुरून टाका असं नाही म्हटलं! काल बाहेर डांबलात, आता आत डांबणार. पुढच्या वेळी समोरचे मध्ये तिघं उभे करतील, मग? माणसाचा वेग बघता, चण बघता, आणि लगेच खुंटीला बांधून टाकता. त्याला डोळे आहेत ना? त्याला बघू द्या, त्याला ठरवू द्या."

डेक्लनने माझ्याकडे पाहिलं. "युअर वुमन बरोबर बोलतेय का?" तिकडे समोरच्या कुठल्याही बाईला असंच म्हणतात.

"मी त्याची कुणी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण बरोबर बोलतेय."

ब्रीडाबाई गाडीतून म्हणाल्या, "ती नेहमीच बरोबर बोलते. म्हणूनच तर तिला सहन करणं अवघड जातं."

पुढचा सामना आमच्याच मैदानावर झाला. अटीतटीची वेळ होती आणि आम्ही थोडक्या गुणांनी मागे होतो. डेक्लनने मला जवळ बोलावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एका प्रशिक्षकाने मला विचारलं, "कुठे उभा राहतोस?"

मी रेघेपलीकडे पाहिलं. डॉक्टर दोन्ही हातांनी आत, आत अशा खुणा करत होत्या. मधला दारवान दमला होता, हे त्यांनी हेरलं होतं, आणि ते खरंच होतं. पण त्या सामानाच्या खोलीच्या आडोशाला उभ्या होत्या. वारा फिरला होता, तो आता आमच्या पाठीवर होता, हे त्यांना तिथून कळणं शक्य नव्हतं. आणि माझ्यासमोरचा कडेचा गडी माझ्याकडे बघतही नव्हता.

"बाहेर," मी म्हणालो.

मी कडेच्या रेघेकडे चालायला लागलो तशी पाठीमागून आरोळी आली. "नागपूर! चुकलास! आत जा! अरे मूर्खा, आत!"

मी वळून मान हलवली. नाही.

डाव सुरू झाला. मी सुटलो. कोनरचा चेंडू उंच गेला, वाऱ्याने त्याला खाली न बसवता पुढे ढकललं, आणि तो माझ्या पसरलेल्या बोटांवर येऊन टेकला. मी तो पोटाशी धरला आणि शेवटच्या रेघेपलीकडे जाऊन मगच थांबलो. सगळा संघ ओरडत धावत येत होता.

डॉक्टर जागच्या हलल्या नव्हत्या. दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या मैदानाच्या त्या टोकावरून माझ्यावर ओरडल्या, "वाऱ्याचं कौतुक आहे ते! तुझं नाही!" आणि लगेच डेक्लनच्या बाहीला धरून त्याला काहीतरी पटवून द्यायला लागल्या.